गौर बाळंतपणाला आली

आमच्याकडे खड्यांच्या गौरी. मुखवट्याच्या गौरी बसवणाऱ्यांना आमची गंमत वाटते. नदीवर जायचं, सात खडे उचलून तबकात ठेवायचे, सोबत तेरड्याची रोपं घ्यायची आणि घरी पोचेपर्यंत तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. मागे वळून बघायचं नाही. बरोबरच्या माणसाने घंटा वाजवत चालायचं. उंबऱ्यावर सासूबाई पाय धुणार आणि विचारणार, "गौर कशाच्या पावलांनी आली?" मग कुठे तोंड उघडायची परवानगी. "सोन्याच्या पावलांनी," म्हणायचं आणि कुंकवाच्या पावलांवरून आत यायचं. तिसऱ्या दिवशी खडे परत पाण्यात.

कोकणात हे सगळं झकास होत असेल. आम्ही राहतो बोरिवलीला. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई स्वतः नदीवर जायच्या. पुढे नदीचा नाला झाला. एका वर्षी तबकातल्या खड्यांना असा काही वास सुटला की आरतीला आलेली माणसं प्रसाद न घेता पळाली. तेव्हापासून आमची गौर सोसायटीच्या गेटाबाहेर बिल्डरने ओतलेल्या खडीच्या ढिगातून यायला लागली. मी खाली जाऊन त्यातल्या त्यात कमी टोकदार खडे निवडायचे, नळाखाली धुवायचे आणि लिफ्टने वर आणायचे. सासूबाईंना ते ठाऊक होतं. मी "सोन्याच्या पावलांनी" म्हटलं की त्या पुटपुटायच्या, "सिमेंटच्या."

दोन वर्षांपूर्वी गौरीजेवणाच्या दिवशी पानावर बसल्या असताना त्या म्हणाल्या, "एकदा जिवंत पाण्यातली गौर या घरात येऊ दे. मग माझे डोळे मिटले तरी चालेल." आता, डोळे मिटण्याची तयारी त्या दर महिन्याला दाखवतात. हापूस चांगला निघाला तरी त्यांचे डोळे मिटायला तयार असतात. पण त्या दिवशी त्यांनी दुसरं घावन घेतलं नाही. घाटल्याची वाटीही तशीच राहिली. तेव्हा मला कळलं, हे खरं आहे.

मी पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये काम करते. लोकांची रक्तं, लघव्या आणि त्याहून पुढचं सगळं तपासण्यात माझा उभा जन्म गेला. त्यामुळे घाणीला मी घाबरत नाही आणि रिपोर्टशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही. पाणी जिवंत आहे की मेलेलं, हे कोण सांगणार? "बघितल्यावर कळतं," असं आमचे हे म्हणाले. मी म्हटलं, बघून कळत असतं तर माझी लॅब कधीच बंद पडली असती.

शोधताशोधता एक गट सापडला. रविवारी सकाळी जमून ओढ्यांची तब्येत तपासणारा. त्यांची पुढारी म्हणजे माझ्या मुलीच्या वयाची एक पोरगी. एरवी ती खेड्यापाड्यांतले ओढे आणि पाणथळ जागा तपासत हिंडते. आमच्याच दहिसर नदीचा वरचा, ओढ्याएवढा भाग तिने सवडीचा उद्योग म्हणून घेतला होता. ती मला काकू म्हणायची आणि मी तिला बाई, कारण शिकवत ती होती.

तिची पद्धत मला पहिल्याच दिवशी पटली. बाटलीत भरलेलं पाणी फक्त त्या घटकेपुरतं बोलतं, ती म्हणाली. दगडाखाली कोण राहतं ते बघा, म्हणजे मागच्या कित्येक महिन्यांचं कळेल. पायाने तळ ढवळायचा, खालच्या अंगाला जाळी धरायची, जे येईल ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं. लाल अळ्या कसल्याही घाणीत राहतात, त्यांना मार्क कमी. चतुराची पिल्लं जरा बरी. मेफ्लाय नावाचा एक नाजूक किडा असतो, त्याच्या पिल्लांना घाण अजिबात खपत नाही, म्हणून त्यांना जास्त. मार्कांची बेरीज म्हणजे नदीची तब्येत. आणि नियम एकच: दगड उचलला की खाली बघायचं, आणि कोणी राहत असेल तर जसा होता तसा परत ठेवायचा.

नॅशनल पार्कच्या आत नदी पहिल्या वर्गात पास. पण तिथला खडासुद्धा बाहेर आणायचा नाही, हा कायदा. मला हवी होती भिंतीबाहेरची नदी, जिथून कोणाही बाईमाणसाला सात खडे उचलता येतील. तिथे ट्रेमध्ये आल्या लाल अळ्या, एक गुटख्याची पुडी आणि बाहुलीचा हात.

घरी आले तर सासूबाई दारातच. आधी पायांकडे बघितलं. घराची लादी हा त्यांचा जीव की प्राण. देवाने जरी तिच्यावर चिखलाचं पाऊल टाकलं तरी त्या त्याला देव मानणार नाहीत. दर रविवारी मला खाली वॉचमनच्या नळावर पाय धुऊनच वर यावं लागायचं.

"काय लागला निकाल?"

"नापास."

"मग ऑक्टोबरला बसव."

ऑक्टोबरलाही नापास. पुढच्या मार्चलाही. सासूबाई इतक्या मन लावून निकाल विचारायच्या की यांच्या दहावीच्या वेळीसुद्धा विचारला नसेल. मध्ये कधीतरी वरच्या अंगाची सांडपाण्याची एक मोरी बंद झाली. यंदाच्या पावसाने तळाची घाण धुऊन नेली. आणि श्रावणातल्या एका रविवारी भिंतीबाहेरच्या ट्रेमध्ये, पानांच्या कचऱ्यात, तीन शेपट्यांचं काहीतरी इवलंसं वळवळलं. बाईंनी वाकून बघितलं, "मेफ्लाय!" म्हणाल्या आणि मला मिठीच मारली. मी तिथूनच, ओल्या हाताने फोन लावला.

"आई, पास!"

"किती मार्कांनी?"

"काठावर."

"काठावर तर काठावर," त्या म्हणाल्या. "यंदा खडी नको हं आणूस."

गौरी आवाहनाच्या सकाळी मी नवी साडी नेसून ओढ्यात उभी. हे काठावर देवघरातली घंटा घेऊन. यांना मी आईंसमोर अहो म्हणते आणि बाहेर अरे. पण त्या दिवशी दोन्ही बंद होतं, कारण पहिला खडा उचलला की तोंडाला कुलूप. नेमक्या तेव्हाच बाई तिथे टपकल्या. सणाच्या दिवसांत पाण्याचं काय होतं ते बघायला आल्या होत्या.

"काकू, काय करताय?"

मी गप्प. हे पुढे सरसावले. "मौनव्रत आहे. वर्षातून एकदाच येतं. तुम्ही पण लाभ घ्या."

मी एकेक खडा उचलायचे, पालथा करून खाली बघायचे. मेफ्लायचं पिल्लू दिसलं की ठेव परत. जळू दिसली, ठेव परत. नदी काठावर पास झाली होती खरी, पण नेमक्या माझ्याच खड्यांना भाडेकरू. सातव्या खड्याच्या खोबणीत चिमूटभर वाळू चिकटलेली दिसली. चष्म्यावर पाणी उडालेलं, पदराने पुसावा तर हातात तबक, आणि बाईंना विचारावं तर बोलायची बंदी. वाळूच ती, म्हणून मी तो तबकात ठेवला.

परतीच्या रिक्षात मी तबक मांडीवर घेऊन गप्प आणि शेजारी हे घंटा वाजवतायत. रिक्षावाल्याने आरशातून बघत विचारलं, "मॅडम नाराज हैं क्या?"

"नहीं भाई," हे म्हणाले, "बरसों बाद शांती मिली है. जरा लंबे रस्ते से लो."

मी मान वळवून नुसतं बघितलं. बाकीचं त्यांना रात्रीच्या जेवणात मिळालं. नुसता वरणभात.

उंबऱ्यावर सासूबाईंनी माझे पाय धुतले, कुंकू लावलं आणि विचारलं, "गौर कशाच्या पावलांनी आली?" मी म्हटलं, "सोन्याच्या." त्यांनी तबकातला एक खडा उचलून नाकाशी धरला. "मातीचा वास येतोय गं," त्या म्हणाल्या, "नुसत्या मातीचा." आणि डोळ्यांना पदर लावला. अहाहा, काय वाटलं मला! दोन वर्षांचे रविवार, चिखल, बाहुलीचा हात, सगळं वसूल झालं.

वसूल होऊन पाच मिनिटं झाली नसतील. सासूबाईंनी पंचामृताची वाटी उचलली आणि मी सहज, चष्मा पुसून, सातव्या खड्याकडे बघितलं. ती वाळू नव्हती. म्हणजे वाळूच होती, पण कोणीतरी कण न् कण निवडून, चिकटवून बांधलेली. तांदळाच्या दाण्याएवढं घर. दोन्ही तोंडं बंद.

"आई, थांबा!" मी ओरडले. वाटी अधांतरी. मी फोटो काढून बाईंना पाठवला आणि फोन लावला. फोन स्पीकरवर होता, ही माझी चूक.

"काकू, कॅडिसफ्लाय आहे!" बाई आनंदाने किंचाळल्या. "पाण्यातली अळी असते, आपल्याच रेशमाने वाळूचं घर बांधते. आता दारं बंद करून कोषात बसलीय. तिचं पाखरू होणार, आज-उद्याकडे. पण तिला गार, हलतं पाणी लागतं हो. नाहीतर गुदमरेल. लगेच परत नेऊन ठेवा."

लगेच! बसलेली गौर तिसऱ्या दिवसाआधी उठवायची म्हणजे आमच्या घरात भूकंप. आणि नाही नेली तर मी शिकलेल्या एकुलत्या एका नियमाची वाट लागली. मी फोन ठेवला आणि सासूबाईंकडे बघायचं टाळलं.

"आत जीव आहे?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि एक-दोन दिवसांत बाहेर येणार?"

"हो."

"मग सरळ सांग ना, गौर बाळंतपणाला आली आहे."

मी म्हटलं, आई, देव समजून घेईल, मी आत्ता जाऊन तो खडा ठेवून येते. तशा त्या उसळल्या. "दिवस भरलेली पोर माहेरी येते आणि तिला उभ्याउभ्या रिक्षात घालून परत पाठवायची? कुठल्या घरची रीत ही?" पंचामृताची वाटी त्यांनी बाजूला ठेवली. आवाज उतरला. "पण एक ऐकून ठेव. माझ्या दारात ती दगावली, तर पुढच्या वर्षीपासून या घरात गौर बसणार नाही. खडीचीसुद्धा नाही. मला निभावत नाही असं मी समजेन."

त्या बोलल्या की करतात. साखर सोडली तेव्हा अशाच आवाजात म्हणाल्या होत्या.

मग आमच्या हॉलचं बाळंतिणीचं दालन झालं. मोठी परात आली. हे स्कूटरवरून ओढ्याचं पाणी आणायला पळाले, कॅन पायांत धरून. खालच्या मजल्यावरच्यांच्या माशांच्या टाकीचा जादा पंप मी मागून आणला आणि परातीत बुडबुडे सोडले. बाकीचे सहा खडे तबकात, हळदकुंकू लावून, फुलं वाहून. सातवा परातीत, त्याला नुसता दुरून नमस्कार. उदबत्ती बंद, धूप बंद, डासांची मशीन बंद. आरती पॅसेजमध्ये. सासूबाईंनी विचारलं, "तिला अळीव चालतील का?"

"नाही हो आई, कोषात काही खात नसतात."

"बरं, मग मीच खाते."

दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवाला बायका आल्या. परातीत काय बुडबुडतंय म्हणून जी ती वाकायची. सासूबाई ओठांवर बोट ठेवून सांगायच्या, "बाळंतीण आहे. हळू बोला." एकीने खरंच लहान बाळाचं टोपडं आणू का विचारलं. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून हसले.

दुपारी मात्र हसू पळालं. जेवणं उरकून मी जरा आडवी झाले होते. उठले तर घर फार शांत. बुडबुडे नाहीत. पंपाचा प्लग काढून यांनी तिथे मोबाइल चार्जिंगला लावला होता आणि शेजारच्या सोफ्यावर घोरत होते. किती वेळ झाला होता कोण जाणे. सासूबाई परातीपाशी बसल्या होत्या. खाली, लादीवर. त्यांचे गुडघे त्यांना खाली बसू देत नाहीत. देवाला नैवेद्यसुद्धा त्या खुर्चीवरून दाखवतात. पण त्या खाली बसल्या होत्या, हातातल्या बांगड्या काढून ठेवल्या होत्या आणि पंजाने पाणी हलवत होत्या. हळू, एका लयीत, पाळणा हलवावा तशा. पंपाचं त्यांच्या लक्षात आलं असतं तर त्यांनी लेकाला आधी उठवलं असतं आणि मग सोलून काढलं असतं. त्यांना एवढंच कळलं होतं की पाणी थांबलंय.

मी प्लग लावला. बुडबुडे सुटले तरी त्यांचा हात थांबेना.

"जिवंत आहे का गं?"

मी भिंग लावून बघितलं. दारं बंद असलेल्या घरात काय दिसणार? आजवर हजारो लोकांना मी रिपोर्ट दिलेत, चांगले आणि वाईट. या बाईला द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

"कळत नाही, आई."

त्यांनी मान हलवली. यांच्यावर ओरडल्यासुद्धा नाहीत. त्या ओरडल्या नाहीत याचीच मला भीती वाटली, आणि त्यांच्या पाण्याने सुरकुतलेल्या बोटांकडे बघून मला गलबलून आलं. मी शेजारी बसले आणि त्यांना उठवायला हात दिला, तेव्हा कुठे त्या उठल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ न करताच मी परातीपाशी गेले. वाळूच्या घराचं एक तोंड उघडं होतं. पाण्यावर एक पातळ, रिकामी कात तरंगत होती. पाखरू कुठेच नाही. सासूबाई माझ्या मागे उभ्या.

"गेली?"

मी काही बोलायच्या आत स्वयंपाकघराच्या दारातून यांचा आवाज आला. "अरे बापरे, डास आहे का कोण हा! आईच्या खुर्चीवर बसलाय बघ!" आणि हातात ती डास मारायची विजेची रॅकेट. बटण दाबलेलं, लाल दिवा लागलेला.

"खबरदार!" सासूबाई अशा गरजल्या की यांच्या हातून रॅकेट पडली. "नात आहे माझी ती!"

खुर्चीच्या पाठीवर तपकिरी रंगाचं, पतंगासारखं, मिशा लांब असलेलं एक पाखरू बसलं होतं. पंख कौलासारखे मिटलेले. दिसायला अगदीच साधं हो, शिकायला ठेवलेल्या पाहुण्यांच्या मुलीसारखं, अंग चोरून. बाईंना फोटो पाठवला. त्यांनी उत्तरात नुसतीच ओळीने फुलं पाठवली. आम्ही तिघं त्या खुर्चीभोवती उभे राहिलो. हे डोळे पुसत होते आणि म्हणत होते, कांदा चिरत होतो. हातात कांदा नव्हता.

मी पाखरावर अलगद काचेचा पेला पालथा घातला आणि खालून पत्रिकेचा पुठ्ठा सरकवला. विसर्जनाला निघताना सासूबाई चपला घालून तयार.

"आई, उतार आहे तिथे. निसरडं आहे."

"लेक-नात सासरी चालल्यात. मी काय गॅलरीतून टाटा करू?"

उतारावर मी एका हाताला, हे दुसऱ्या हाताला. काठाशी पोचल्यावर त्यांनी चपला काढल्या आणि आमचे हात सोडवून घोट्याएवढ्या पाण्यात शिरल्या. कित्येक वर्षांनी. पाणी गार असणार, त्यांनी "हाय गं" केलं. मी सहा खडे पाण्यात सोडले आणि सातवा बाईंनी शिकवल्याप्रमाणे होता तसा, खोबणीची बाजू खाली करून, ठेवला. सासूबाईंनी यांच्या हातातल्या पुठ्ठ्यावर, पेल्याशी, चिमूटभर तांदूळ ठेवले. तीच ओटी. "नीट राहा गं," म्हणाल्या आणि पेला उचलला. पाखरू त्यांच्या अंगठ्यावर चढलं, जरा थांबलं आणि उडून करंजाच्या पानावर जाऊन बसलं.

गौर पोचवून येताना मूठभर वाळू आणून घरात टाकायची रीत आहे. त्यांनी वाकून वाळू घेतली, मूठ मिटली आणि काठावर आल्या. मी चपला पुढे केल्या. त्यांनी घातल्या नाहीत. रिक्षात मी विचारलं, "आई, गुडघे दुखतायत का?" उत्तर नाही. "आई?" त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मग मी गप्प बसले. हेही गप्प बसले, हे विशेष.

दारात लॅच उघडलं तरी त्या उंबऱ्याबाहेरच उभ्या. मूठ छातीशी. मला कळायला जरा वेळ लागला. मग मी आत जाऊन तांब्या आणला आणि पाय धुवायला वाकले, तर त्यांनी पाय मागे घेतला. मान हलवली. घोट्यापर्यंत ओढ्याचा चिखल होता, एका बोटाला करंजाचं पान चिकटलेलं.

मी तांब्या खाली ठेवला आणि विचारलं, "गौर कशाच्या पावलांनी आली?"

"चिखलाच्या," सासूबाई म्हणाल्या आणि आत आल्या. हॉलमधून, रिकाम्या परातीला वळसा घालून, थेट देवघरापर्यंत. पांढऱ्या लादीवर एकेक पाऊल नीट उमटत गेलं.

हे सवयीने पोछा घेऊन धावत आले. मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि परत मोरीत नेऊन ठेवला.